सरपंचबाईंची सही

लिंबगव्हाणच्या सरपंच सौ. गीताबाई शहादेव उबाळे यांची सही साऱ्या तालुक्यात नावाजलेली होती. पंचायत समितीतले बाबू म्हणायचे, राखीव जागेवरच्या सरपंच बायका पुष्कळ बघितल्या, पण असं वळण एकीच्याही हाताला नाही. 'गी'ची वेलांटी डौलात फिरायची, 'ळे'ची मात्रा मागं झोकून दिलेली असायची, खाली एक लांब रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. बँकेतला कॅशियर तर चेकवरची ती सही बघून मान डोलवायचा. आता एवढी देखणी सही गीताबाईनं स्वतः कधी केली नव्हती, हा भाग वेगळा. ती तिचे मालक करत.

त्याचं असं झालं. शहादेवराव उबाळे हे गावचे जुने सरपंच. खुर्चीत बसून बसून त्यांना जमिनीवर बसायचा सरावच राहिला नव्हता. अशात सरकारनं लिंबगव्हाणचं सरपंचपद बायकांना राखीव केलं आणि शहादेवरावांना अन्न गोड लागेना. मग एकदा जेवताना भाकरी वाढायला आलेल्या गीताबाईकडं बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं, की बाई तर आपल्या घरातच आहे. तोवर ती फक्त भाकरी वाढते असं ते समजून चालले होते.

गीताबाई निवडून आली. हार तिच्या गळ्यात पडला, गुलाल शहादेवरावांच्या डोक्यावर पडला आणि मिरवणुकीच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर तेच बसले. सुरुवातीला पंचायतीचे कागद सहीसाठी घरी यायचे. गीताबाई सहावीपर्यंत शिकलेली, आणि हातात आलेला कागद वाचल्याशिवाय सोडायचा नाही ही तिची जुनी खोड. ती ओठ हलवत हलवत सगळा कागद वाचायची, मग पदराला हात पुसायची, मग काना-मात्रा-वेलांटी सगळं जिथल्या तिथं देत पूर्ण नाव लिहायची. तोवर शहादेवराव अंगणात येरझारा घालून घामाघूम झालेले असत. शेवटी एक दिवस त्यांनी तिच्या हातातून पेन ओढूनच घेतलं.

"अगं, सही करायलीस का रांगोळी काढायलीस?" म्हणाले, आणि त्या दिवसापासून तिची सही तेच करू लागले.

करता करता त्यांना गोडी लागली. त्यांची स्वतःची सही म्हणजे कोंबडीनं माती उकरावी तशी होती, पण बायकोची सही मात्र त्यांनी मन लावून घडवली. रेघ आधी आखूड होती, ती लांबवली. टिंबं मागाहून आली. पुढं पुढं स्वतःच्या नावाची सही करायची वेळच त्यांच्यावर येईना, कारण दिवसभराचे सगळे कागद गीताबाईच्या नावाचे. गीताबाईलाही त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. चुलीवरचं दूध उतू जायचं टळलं, एवढंच तिनं मनात धरलं.

आणि मग सरकारनं नवा कायदा केला. घरातल्या बाईला कुणी मारलं, टाकून बोललं, घराबाहेर काढलं, तर तिला दाद मागता येईल असा. दिल्लीत कायदा झाला, मुंबईहून कागद निघाला आणि तो फिरत फिरत दोन हजार सातच्या उन्हाळ्यात लिंबगव्हाणला पोचला. गावोगावच्या सरपंचांनी महिलांची ग्रामसभा घेऊन कायदा समजावून सांगावा, आणि सभेचा फोटो जोडावा, असा हुकूम होता.

सभा घ्यायला शहादेवरावांना काहीच वेळ लागला नाही. सभेच्या आदल्या दिवशी चहा पिता पिताच त्यांनी ती प्रोसिडिंग बुकात घेऊन टाकली. सरपंच सौ. गीताबाई यांनी कायद्यातील तरतुदी सोप्या भाषेत विशद केल्या, महिलांनी शंका विचारल्या, सरपंचांनी शंकांचे निरसन केले, चहापानानंतर सभा संपली. खाली रेघ, दोन टिंबं. ग्रामसेवक गहिनीनाथनं शेजारी आपली सही ठोकली. गहिनीनाथ हा भला माणूस होता, पण इतका भित्रा, की पंख्याचा आवाज बदलला तरी त्याला आपली बदली झाल्यासारखं वाटायचं.

अडलं ते फोटोपाशी. फोटो काही बुकात लिहिता येईना. मग तलवाड्याहून फोटोवाला आणला, गल्लीगल्लीतून बायका गोळा करून मारुतीच्या पारासमोर बसवल्या आणि गीताबाईला ठेवणीतली साडी नेसवून हातात कायद्याचं पोस्टर देऊन उभं केलं. नेमकी फोटोवाल्याच्या नव्या कॅमेऱ्याची बॅटरी बसली. शहादेवराव त्याला फैलावर घेत जीपकडं गेले, आणि इकडं गीताबाईनं हातातलं पोस्टर आपल्याकडं फिरवून वरून खालपर्यंत वाचायला सुरुवात केली. खोडच ती.

पुढं बसलेल्या कडूबाईनं विचारलं, काय लिहिलंय. कडूबाई म्हणजे वॉर्डाची मेंबर, विधवा बाई, मटकी विकून पोरं वाढवलेली, कुणाच्या बापाला न भिणारी. मग गीताबाईनं मोठ्यानं वाचलं. मारायचं नाही. घालूनपाडून बोलायचं नाही. घर कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथून बाहेर काढता येत नाही. कडूबाईनं विचारलं, आणि काढली तर? गीताबाई म्हणाली, तर तालुक्याला संरक्षण अधिकारी नावाचा साहेब आहे, त्याच्याकडं अर्ज द्यायचा. बायका पुष्कळ हसल्या. हसता हसता दोघीतिघींनी पदर डोळ्याला लावला आणि कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही. अशा रीतीनं कायद्यातल्या तरतुदी विशद झाल्या, शंकांचं निरसन झालं आणि शहादेवरावांचं खोटं प्रोसिडिंग त्यांच्या गैरहजेरीत खरं होऊन बसलं. चहापान तेवढं राहिलं.

फोटो आठवड्याच्या आत जिल्ह्याच्या पेपरात छापून आला. मधोमध पोस्टर धरलेली गीताबाई, समोर बायका. शहादेवराव अगदी तिच्या शेजारी उभे होते, पण पेपरवाल्यानं कडेची जागा कापली आणि त्यांचं फक्त कोपर आलं. तलवाड्याच्या बाजारात ज्यानं त्यानं त्यांना थांबवून सांगितलं, की सरपंचबाई लई भारी दिसत्यात. कुणीतरी विचारलं, भाऊ, हे कोपर कुणाचं हो?

शहादेवराव घरी आले ते तळपायाची आग मस्तकात घेऊनच. पेपर गीताबाईच्या पुढ्यात फेकला आणि तिच्या कानशिलात मारली. घरात मारहाण करू नये या कायद्याच्या फोटोत आपण आलो नाही, म्हणून त्यांनी बायकोला मारलं. यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही.

हे पहिल्यांदा नव्हतं. पंचायतीत कुणी अडवलं, ऊस वेळेवर तुटला नाही, जावयानं उलट उत्तर दिलं, की घरी येऊन शहादेवरावांचा हात उठायचा. गीताबाई ते सोसत आली होती, आणि सोसताना दार लोटून घ्यायची, की शेजारी ऐकू जाऊ नये. पण या वेळी सैपाकघराच्या दारात वनमाला उभी होती. वनमाला ही घरात नव्यानं आलेली सून. नवरा चाकणच्या कंपनीत, खोली मिळेपर्यंत ही सासरी. हातात चहाचे कप घेऊन ती जागच्या जागी थिजली होती. गीताबाईनं गाल धरून तिच्याकडं बघितलं आणि तिला लख्ख दिसलं, की ही पोर स्वतःच्या पुढच्या पंचवीस वर्षांकडं बघते आहे. गालापेक्षा ते जास्त लागलं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ती म्हणाली, की असं करता येत नाही, पोस्टरवर लिहिलंय.

"लई कायदा शिकलीस?" शहादेवराव म्हणाले. "मग जा, त्या कायद्याच्याच घरी जाऊन ऱ्हा."

आणि दंडाला धरून तिला उंबऱ्याबाहेर काढलं आणि आतून कडी घातली.

गीताबाई ओट्याखाली उभी राहिली. माजलगावला भाऊ होता. पण त्याच्याकडं ती मागंही गेली होती, आणि त्यानं दर वेळी साडीचोळी करून, हातावर साखर ठेवून, परतीच्या एसटीत बसवून दिली होती. कायद्याचं घर कुठं असतं ते तिला माहीत नव्हतं. पण आपण सरपंच आहोत आणि सरपंचाची एक कचेरी असते, हे तिला त्या घटकेला आठवलं. निवडून आल्यापासून ती तिथं झेंडावंदनाला तेवढी गेली होती, तेही नारळ धरायला.

ती तडक ग्रामपंचायतीत गेली. सटवा शिपाई कुलूप लावत होता. तिनं सांगितलं, किल्ली दे. सरपंचाला नाही म्हणायचं कसं, हे सटवाला कुणी शिकवलं नव्हतं, कारण सरपंच अशी दारात येईल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं. त्यानं किल्ली दिली. कडूबाईनं गोधडी, आपलं एक लुगडं, स्टोव्ह आणि मटकीची उसळ आणून दिली, आणि दिवेलागणीला लिंबगव्हाणच्या सरपंच आपल्या कचेरीत पहिल्यांदा कार्यभार घेत्या झाल्या.

सकाळी शहादेवराव रोजच्यासारखे इस्त्रीचे कपडे घालून कचेरीत आले, तर त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर ओलं लुगडं वाळत घातलेलं. टेबलावर स्टोव्ह. भिंतीवरच्या थोर पुरुषांच्या तसबिरींखाली कडूबाई आणि आणखी दोघीतिघी मेंबर बायका लसूण सोलत बसलेल्या.

"काय बे सटव्या, हे काय चाललंय?" शहादेवराव ओरडले.

सटवानं सांगितलं, की सरपंच आत आहेत, चिठ्ठी द्या. तो हे मुद्दाम बोलला नव्हता. शहादेवरावांनीच त्याला गेली काही वर्षं तसं बोलायला शिकवलं होतं.

शहादेवरावांनी ग्रामसेवकाला बाजूला घेऊन विचारलं, हिला बाहेर कशी काढायची. गहिनीनाथनं कपाळाचा घाम पुसत सांगितलं, की भाऊ, घरातून बायकोला काढणं वेगळं. सरपंचाला कचेरीतून काढायचं तर अविश्वासाचा ठराव लागतो. त्याला मेंबर लागतात, आणि मेंबरांतल्या निम्म्या बायका आता आत लसूण सोलत बसल्यात.

गीताबाईनं त्याच दिवशी अर्ज लिहिला. आपल्या हातानं, ओठ हलवत, एकेक अक्षर जपून. नवऱ्यानं मारलं, घराबाहेर काढलं, मला माझ्या घरात राहायचं आहे आणि माझ्यावर कुणी हात उचलू नये. एवढंच. खाली पूर्ण नावाची सही केली आणि कडूबाईबरोबर तालुक्याला धाडून दिला.

दरम्यान लोक दाखले न्यायला येतच होते आणि गीताबाई आता बसल्या बसल्या स्वतःच सह्या करत होती. वेळ लागायचा, पण लोक थांबायचे. कडूबाई चहा द्यायची. एका शेतकऱ्यानं असा रहिवासी दाखला नेला आणि संध्याकाळी तो चिडून परत आला. तालुक्याच्या बाबूनं दाखला त्याच्या अंगावर फेकला होता. म्हणाला, सरपंचबाईंची सही आम्ही चांगली ओळखतो, ही बोगस आहे, असली वेडीवाकडी अक्षरं त्या बाईच्या हातची नव्हेत.

गीताबाईला हसावं का रडावं कळेना. आपण बसलोय ती खुर्ची खरी, शिक्का खरा, आपण खऱ्या, आणि आपल्या हातची सही खोटी. मग तिला अर्ज आठवला. अर्जावरही तीच सही होती. दाखला परत येतो, तसा अर्ज परत आला तर तिला घराचं दार पुन्हा दिसणार नव्हतं. फार तर साखर हातावर घेऊन, मान खाली घालून, मागल्या दारानं दिसलं असतं, आणि वनमालानं तेही बघितलं असतं.

ही गोष्ट शहादेवरावांच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी पारावर बसून मांडीवर थाप मारली. म्हणाले, कायदा तिच्या बाजूनं असंल गड्याहो, पण सही माझ्या बाजूनं हाय.

संरक्षण अधिकारी म्हणजे तालुक्याचे एक नायब तहसीलदार होते, केदारनाथ शेटे. हा नवा कायदा त्यांच्या गळ्यात जादा कारभार म्हणून पडला होता, रॉकेलचे परवाने आणि टंचाईचे टँकर यांच्या जोडीला. टँकरला निदान चाकं असतात, तो इकडून तिकडं धाडता येतो; हे काम कुठं धाडावं ते त्यांना उमजत नव्हतं. पण माणूस माजलगावच्या मोंढ्यातल्या दुकानदाराच्या घरातला. कपाळाला भस्म, बोलणं थोडं, आणि समोरचा भाव कमी करायला लागला की गप्प बसायचं हे लहानपणापासूनचं वळण. अर्जदार राहते त्या ठिकाणी जाऊन चौकशी करावी म्हणून ते लिंबगव्हाणच्या ग्रामपंचायतीत आले, आणि स्टोव्ह, गोधडी, वाळत घातलेलं लुगडं बघून त्यांनी काहीच विचारलं नाही.

खिडक्यांत बायका दाटल्या होत्या. वनमालाही आली होती, सासऱ्याला पाणी द्यायच्या निमित्तानं तांब्या घेऊन. शहादेवराव प्रोसिडिंगची बुकं, चेकची अर्धुकं, दाखल्यांच्या नकला, सगळं काखेत मारून आले आणि साहेबांपुढं मांडलं. म्हणाले, बघा, ही माझ्या कुटुंबाची सही. आन् हा अर्ज बघा. कुणीतरी विरोधकानं केलेलं काम हाय. मी बायकोवर जन्मात हात उचलला न्हाई. ती इथं राहते ती गावच्या कारभाराची लई कळकळ हाय म्हणून.

केदारनाथ साहेबांनी सह्या ताडून बघितल्या. कुठंच मेळ नव्हता. त्यांनी गीताबाईला विचारलं, बाई, अर्जावरची सही कुणाची?

"माजी," गीताबाई म्हणाली.

"आणि बुकातली?"

गीताबाईनं नवऱ्याकडं बघितलं, मग गहिनीनाथकडं. गहिनीनाथ भिंतीवरच्या पालीकडं असा बघत होता, की जणू बुकात सह्या त्या पालीनंच केल्या. गीताबाईच्या मनात आलं, खरं सांगावं तर इतकी वर्षं आपण डोळे मिटून बसलो हेही त्यात आलंच. तरी ती म्हणाली, की ती माझी नाही.

शहादेवराव मोठ्यानं हसले. म्हणाले, साहेब, या बाईला शिकवून उभी केलीय. प्रोसिडिंग वाचा, हिनं सगळ्या गावाला हा कायदा समजावून सांगितलाय, इतकी हुशार बाई असं वेडंवाकडं लिहील का? साहेबांनी प्रोसिडिंग वाचलं. मग बुक मिटून बाजूला ठेवलं. शेवटी म्हणाले, की निकाल देणं माझं काम नाही, तो कोर्ट देईल, मी फक्त अहवाल करतो. दोन्ही बाजू लिहून घेतो. बाईंचा अर्ज आहे, तुमचं म्हणणं तुम्ही द्या, लेखी. पण सही जुळत नसेल तर अर्ज पुढं कसा धाडू, हे मला बघावं लागेल.

 गीताबाईच्या डोळ्यापुढं घर आलं आणि डोळ्यापुढंच राहिलं.

शहादेवरावांना आता स्फुरण चढलं. त्यांनी खुर्चीवरचं लुगडं दोन बोटांनी बाजूला केलं, आपल्या जुन्या जागी बसले, पाठ टेकली आणि गहिनीनाथला जबाब सांगायला सुरुवात केली. भाषण करायची त्यांना हौस, त्यात खिडकीत एवढी माणसं. मी आपल्या पत्नीवर कधीही हात उचललेला नाही. मी तिला देवीसमान मानतो. मी तिला घराबाहेर काढलेले नाही. अर्जावरील सही बनावट आहे. गहिनीनाथनं लिहिलं, कागद टेबलावर नेहमीच्या जागी सरकवला, नेहमीसारखं बोट ठेवून म्हणाला, भाऊ, हितं. शहादेवराव खिडकीकडं बघून मिशीत हसत होते. त्यांनी न बघताच पेन घेतलं आणि झोकात सही केली. वेलांटी फिरली, मात्रा मागं गेली, लांब रेघ ओढली, त्याखाली दोन टिंबं.

केदारनाथ साहेबांनी कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला. मग बुक उघडून शेजारी धरला.

"शहादेवराव," ते शांतपणे म्हणाले, "या जबाबाखाली 'गीताबाई उबाळे' अशी सही आहे. गीताबाईंनी आपल्या पत्नीवर कधीही हात उचललेला नाही, एवढं यावरून सिद्ध होतं. ते मला मान्य आहे."

खिडकीत आधी कुणाला कळलं नाही. मग कडूबाईला कळलं, आणि ती पदर तोंडात कोंबून खाली बसली. मग हसण्याची लाट अशी उठली, की पारावरची माणसं पळत आली. सटवाही कचेरीचे नियम सोडून खिडकीला हात टेकून हसला. एकटी वनमाला हसत नव्हती. तांब्या छातीशी धरून ती सासूकडं बघत होती.

शहादेवराव आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिले. दुसऱ्याच कुणाचा हात बाहीतून बाहेर आलाय, असं त्यांचं तोंड झालं. कुणी न विचारताच गहिनीनाथ उभा राहिला आणि म्हणाला, साहेब, माझी फक्त शेजारची सही आहे.

साहेब म्हणाले, की पंचायतीची तपासणी सुदैवानं माझ्याकडं नाही, माझ्याकडं रॉकेल आणि हे एवढंच आहे. पण हा कागद अहवालाला लागणार, आणि वर कुणी विचारलं तर मला दिसलं ते सांगावं लागणार. बाईंची सही कुठली, यात आता मला शंका उरलेली नाही. त्या आवाजात धमकी नव्हती. पण शहादेवरावांना इतक्या वर्षांचे सगळे चेक एकदम डोळ्यापुढून गेल्यासारखे दिसले, आणि ते खुर्चीतून उठले.

म्हणाले, मिटवून घेऊ साहेब. नवराबायकोचंच हाय. ती आत्ता घरी चलू दे, मी काय म्हणत न्हाई. जबाब बी फाडा, अर्ज बी फाडा.

साहेबांनी गीताबाईला विचारलं.  गीताबाईला ठाऊक होतं, की हा तोच रस्ता आहे, साडीचोळीचा आणि साखरेचा, फक्त या वेळी नवरा स्वतः न्यायला आलाय. दार उघडेल, आणि पुन्हा कधी पेपरात नुसतं कोपर येईपर्यंत सगळं गोड चालेल. ती उठली आणि टेबलाशी आली.

"साहेब, ह्यांच्या हाताला माझ्या नावाशिवाय दुसरं नाव येत न्हाई, हे तर तुमी बघितलं," ती म्हणाली. "न बघता, झोपेत बी येईल. मग मारताना तोच हात मला काहून इसरतो?"

कुणी हसलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिनं ते पुसलं नाही. ती पुढं म्हणाली, की अर्ज फाडायचा नाही, कोर्टात न्यायचा. त्या सह्यांपायी वर कुणी विचारलं तर मीही उभी राहीन, मी करू दिल्या म्हणून झाल्या. पण घरात जाईन ते कोर्टाच्या कागदानं जाईन, पुढल्या दारानं, आणि माझ्या सुनेसमोर.

अहवाल गेला. तारीख लागली. शहादेवरावांनी तालुक्यातला नावाजलेला वकील केला. वकिलानं जबाबाची नक्कल वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली आणि आशिलाला सांगितलं, की भाऊ, तुम्ही कोर्टात तोंड उघडू नका, आणि देवाशपथ, पेनला हात लावण्याआधी मला विचारा. शेवटी वकिलानंच सुचवलं, की बाईंना सन्मानानं घरात राहू देईन, हात उचलणार नाही, अशी लेखी हमी देऊन मोकळे व्हा. कोर्टानं घरात राहण्याचा आदेश केला आणि हमीपत्र मागितलं.

गीताबाई कठड्यापाशी उभी होती, शेजारी वनमाला. शिरस्तेदारानं हमीपत्र शहादेवरावांपुढं ठेवलं आणि बजावलं, स्वतःच्या नावाची सही करा. वकीलही पुटपुटला, स्वतःच्या, स्वतःच्या. शहादेवरावांनी पेन हातात घेतलं आणि हात सवयीनं 'ग' कडं वळायला लागला, तो त्यांनी जागीच आवरला. इतक्या वर्षांत आपलं नाव त्यांनी लिहिलंच नव्हतं. मग ते खाली वाकले. ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत, पहिल्या इयत्तेतल्या पोरासारखं लिहायला लागले. श. हा. कपाळावरून घामाचा थेंब कागदावर पडला. शिरस्तेदारानं घड्याळाकडं बघितलं. पुढच्या खटल्याचे लोक आत येऊन थांबले.

गीताबाई जरा पुढं झुकली. वनमालाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"अहो, सही करायलात का रांगोळी काढायलात?"

वनमालाला हसू आवरेना. शहादेवरावांनी वर बघितलं नाही. 'दे'वरची मात्रा द्यायची राहिली होती, ती त्यांनी जपून दिली.